तीस हजार एकतीस वांगी टाइल्स

मोजणीबाईंच्या टेबलावर एक काचेची बरणी होती, आणि एकतीस वर्षांत तिच्यात काहीही पडलं नव्हतं. रोज सकाळी आल्या आल्या बाई ती पुसायच्या, उजेडाकडे धरून आतून-बाहेरून न्याहाळायच्या आणि पुन्हा जागेवर ठेवायच्या. नव्यानं लागलेल्या बायकांना वाटायचं, बाई घरून खाऊ आणायला विसरतात. आठवडाभरात त्यांना कळायचं की ती बरणी रिकामी आहे म्हणूनच बाई नाकावर माशी बसू देत नाहीत.

कारखाना छोट्या चौकोनी टाइल्सचा होता. एकेक टाइल अंगठ्याच्या पेराएवढी. भट्टीतून माल बाईंकडे यायचा. बाई फुटक्या आणि टवके उडालेल्या टाइल्स बाजूला काढायच्या, चांगल्या मोजायच्या आणि हा लॉट कोणत्या पट्टीवर बसेल ते ठरवायच्या. पट्टी म्हणजे कागदाची लांब फीत, तिच्यावर टाइल्स एका ओळीत चिकटवायच्या. त्यासाठी लाकडी साचे होते, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले: सहाचा, साताचा, दहाचा, अकराचा, तेराचा, चौदाचा आणि पंधराचा. एक लॉट एकाच साच्यातून जायचा, आणि सुटी टाइल फाटकाबाहेर जायची नाही. कुठल्याशा जुन्या सुपरवायझरनं भिंतीवर तेलरंगात लिहून ठेवलं होतं, ‘पट्टी भरून उरेल ती मोजणाऱ्याची चूक’. ती उरलेली टाइल बरणीत जायची. बाईंच्या आधी मोजणीला जे गृहस्थ होते त्यांची बरणी वर्षातून दोनदा रिकामी करावी लागे. निवृत्त होताना त्यांनी आपल्या सगळ्या चुका घरी नेल्या आणि त्यातून बाथरूमची अख्खी फरशी केली, असं जुनी माणसं सांगत.

आता कोणी म्हणेल, दर वेळी लॉट एखाद्या साच्यात बरोबर बसेलच असं थोडंच आहे? नाहीच आहे. बाईंचं गुपित इथेच होतं. हजारो टाइल्समध्ये कोपऱ्याला जरासा खरवडा असलेल्या दोन-चार तरी निघतातच. त्या चालवून घ्यायच्या की बाद करायच्या हे बाईंच्या हातात. दोन टाइल्स जास्त होत असल्या की बाईंची नजर विलक्षण तीक्ष्ण व्हायची आणि बरोबर दोन टाइल्समध्ये दोष सापडायचा. कमी पडत असल्या की बाई एकदम क्षमाशील व्हायच्या. पण दोष आधी असायला हवा, हा त्यांचा बाणा. नसलेला दोष त्यांनी कधी कोणाच्या माथी मारला नव्हता, टाइलच्याही नाही.

बाईंचं टेबल मात्र पहिल्या दिवसापासून डुगडुगत होतं. त्यावर ठेवलेली पेन्सिल घरंगळत थेट मांडीवर यायची, म्हणून ती दोऱ्यानं बांधून ठेवलेली होती. सुतार दर वर्षी ‘बघतो’ म्हणायचा.

शुक्रवारी बाई निवृत्त होणार होत्या आणि त्याच दिवशी छोट्या टाइल्सचा विभागही बंद व्हायचा होता. पुढचा माल वजनावर जाणार होता, मोजायची भानगडच नाही. शेवटचा लॉट वांगी रंगाचा होता. हा रंग कोणी मागितला होता ते आता कोणालाच आठवत नव्हतं, आणि ज्याला आठवत होतं तो मूग गिळून बसला होता. पण एका पोहण्याच्या तलावाच्या मॅनेजरांनी तो पसंत केला. कपडे बदलायच्या खोल्यांबाहेर लांब भिंत होती, तिच्यावर त्यांना हा सबंध लॉट लावायचा होता. कापलेली एकही टाइल नको, पोरांची कोपरं खरचटतात, एवढीच त्यांची अट.

भट्टीवाल्यानं शेवटची भट्टी म्हणून जीव ओतला. वीस वर्षं जो माणूस भट्टी लावून डुलक्या घ्यायचा तो दोन दिवस भट्टीसमोरून हलला नाही. याचा व्हायचा तो परिणाम झाला. सोमवारी माल आला त्यात एकही दोष नव्हता. बाईंनी चष्मा पुसला, खिडकीशी नेऊन पाहिलं, भिंग मागवलं. एका टाइलला खरवडा नाही, टवका नाही, डाग नाही. बाईंच्या आयुष्यात असा लॉट आला नव्हता, आणि त्यांना आनंद व्हायच्या ऐवजी घाम फुटला.

मोजायला त्यांच्याकडे शंभर खळग्यांची पाटी होती. टाइल्सवर पाटी फिरवायची, हलवायची, शंभर खळगे भरले की कागदावर एक रेघ. तीनशे रेघा झाल्या आणि वर एकतीस टाइल्स. तीस हजार एकतीस.

बाईंनी पेन्सिल घेतली. सहानं भागलं, बाकी एक. सातानं भागलं, बाकी एक. दहाला तर भागायचीही गरज नव्हती, ती एक डोळ्यांसमोरच होती. अकरा, एक. तेरा, एक. चौदा, एक. पंधराला त्यांनी दोनदा भागून पाहिलं, कारण पंधराचा साचा त्यांचा लाडका होता. त्यानंही एकच बाकी ठेवली.

मंगळवारी त्यांनी लॉट पुन्हा मोजला. तीस हजार एकतीसच भरले. दुपारी डबा बाजूला ठेवून त्यांनी या आकड्याचा जरा खोलात जाऊन विचार केला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की एक टाइल कमी असती तर सगळेच साचे जमले असते. दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि तेरा यांचा ओळीनं गुणाकार केला की तीस हजार तीस येतात, आणि भिंतीवरचे सगळे साचे याच सहा जणांच्या घरातले होते. तीस हजार तीस हा आकडा म्हणजे सगळ्यांशी गोड बोलणारा पाहुणा. कोणत्याही दारात उभा राहा, या बसा. त्यात एक मिळवली की झालं, सातही दारं बंद.

सुपरवायझर वयानं बाईंच्या पुतण्याएवढा होता. पाटी फिरवायला त्याला बाईंनीच शिकवलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि अगदी हळू आवाजात सुचवलं की एवढ्या ढिगातून एक टाइल पर्समध्ये टाकावी आणि विसरून जावं. नाहीतर तो स्वतः एक जमिनीवर पाडतो, टवका उडेल, बाद होईल, काम झालं.

“दोष शोधायचा पगार घेतलाय मी,” बाई म्हणाल्या, “दोष पाडायचा नाही.”

मग एक टाइल बरणीत जाईल, तो म्हणाला. एकतीस वर्षांनंतर, शेवटच्या आठवड्यात. बाईंनी लॉटवर कापड टाकलं, चारही कोपरे खोचले आणि पाच वाजता घरी गेल्या.

घर भावाचं. भाऊ, वहिनी, पुतण्या, सून, दोन नातवंडं आणि बाई, अशी सात माणसं. जेवायच्या टेबलाला खुर्च्या सहा. नवं टेबल घेतलं तेव्हा दुकानात सहाचंच होतं, यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. पहिल्या दिवशी सगळे बसले, बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला अजून भूक नाही, तुम्ही घ्या. ते वाक्य मग रोजचंच झालं. गेली नऊ वर्षं बाईंना रात्री आठ वाजता भूक नसायची आणि पावणेनऊला लागायची. त्यांना याचं वाईट वाटायचं. फार वाटायचं. पण हे कोणाला सांगावं आणि सांगून काय मागावं हे त्यांना सुचलं नव्हतं, आणि बाकीच्यांनी खरोखरच असा समज करून घेतला होता की ताईंची भूकच उशिराची.

त्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर बाई ताटावर बसल्या आणि घास घ्यायच्या ऐवजी बोटानं टेबलावर भागाकार करू लागल्या. वहिनी भांडी आवरत होत्या. वहिनींची जीभ तिखट, पण हात मऊ होता. बाईंच्या ताटातलं गार झालेलं त्या न बोलता पुन्हा गरम करून आणायच्या आणि मग त्याबद्दल भरपूर बोलायच्या. त्यांनी विचारलं तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं. सहापासून पंधरापर्यंत एकही साचा चालत नाही, हा आकडा कोणालाच भागत नाही, याला कुठे जागाच नाही.

वहिनींनी हात पुसले. “वन्सं, तुमच्या कारखान्यात पंधराच्या पुढे आकडे संपतात का?”

एकतीस वर्षं भिंतीवर सात साचे लटकत होते आणि त्यांच्यापलीकडे आकडे असतात हे बाई विसरल्या होत्या. नुसत्या बाईच नव्हेत, सगळा कारखाना विसरला होता. साच्यात बसला नाही तर आकडाच वाईट, असं तिथं सर्वांना मनापासून वाटायचं.

त्यांनी सुनेकडून वहीचा कागद मागून घेतला. जे आकडे लहानांच्या गुणाकारातून होतात त्यांच्या वाटेला जायचं कारण नव्हतं. जिथं तीनाला जमलं नाही तिथं एकवीसला काय जमणार? म्हणून सतरापासून सुरुवात. सतरानं नऊ बाकी ठेवल्या. एकोणीसनं अकरा. तेवीसनं सोळा, एकोणतीसनंही सोळाच, दोघांनी आपसात ठरवल्यासारख्या. एकतीसकडून बाईंना फार आशा होती, नोकरीची वर्षं तेवढीच म्हणून, पण त्यानं तेवीस टाइल्स परत केल्या. सदतीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस. सत्तेचाळीसला पंचेचाळीस उरल्या, म्हणजे दोनच कमी पडल्या, आणि बाईंच्या तोंडून नको तो शब्द निघाला. भावानं वर्तमानपत्र खाली करून पाहिलं. त्याला तो शब्द ताईला येतो हे माहीत नव्हतं.

एकशे त्र्याहत्तरपर्यंत जायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. त्याच्या पुढे कोणी भागलंच तर भागाकारात त्याहून लहान आकडा येणार, आणि लहानांना तर आधीच विचारून झालेलं. त्रेपन्नला तेहतीस उरल्या. मग एकोणसाठ आला.

एकोणसाठनं काहीच परत केलं नाही.

बाईंनी उलट गुणून पाहिलं. एकोणसाठ पाचशे, एकोणतीस हजार पाचशे. एकोणसाठ नव्वे, पाचशे एकतीस. बेरीज तीस हजार एकतीस. एकोणसाठच्या पाचशे नऊ पट्ट्या, उरलं शून्य. ज्याला कुठे जागा नाही असं त्या दोन दिवस म्हणत होत्या त्याला जागा होती, फक्त त्या मापाचा साचा कोणी केला नव्हता. बाईंना रडू आलं. वहिनी म्हणाल्या की ताट पुन्हा गार झालंय, आता तिसऱ्यांदा गरम करायला त्या काही रिकाम्या बसलेल्या नाहीत, आणि ताट उचलून घेऊन गेल्या.

बुधवारी बाई तासभर लवकर पोचल्या. सुपरवायझर दोन दिवस दुसऱ्या इमारतीत वजनकाटा बघायला गेला होता आणि टेबलावर चिठ्ठी होती, ‘पंधराची पट्टी लावा. काही उरणार नाही.’ बाईंना ते वाचून राग आला. आपणच शिकवलेल्या माणसाला साधा भागाकार येऊ नये! त्यांनी चिठ्ठीखाली ‘उरेल. एक.’ असं लिहिलं, पेन्सिल टेबलावर ठेवली आणि सुताराकडे गेल्या. पेन्सिल जिथं ठेवली तिथंच राहिली, पण ते बघायला बाई थांबल्या नाहीत.

तलावाच्या मॅनेजरांनी फोनवर सांगितलं की भिंत बारा मीटर लांब आहे, नळांच्या खाली दीड मीटर जागा आहे, पट्ट्या उभ्या लावल्या की छान बसतील. सुताराला समजावणं जास्त अवघड गेलं. एकोणसाठचा साचा त्यानं जन्मात ऐकला नव्हता. साठचा करून देतो म्हणाला, एक खाना रिकामा ठेवा. बाई म्हणाल्या की रिकामा खाना ठेवायचा असता तर त्या त्याच्याकडे आल्याच नसत्या. तो पन्नासचा करतो म्हणाला. शेवटी त्यानं हात टेकले, आणि संध्याकाळपर्यंत एकोणसाठ खान्यांचा, उभा केला तर बाईंच्या हनुवटीपर्यंत येणारा साचा तयार झाला.

गुरुवारी सकाळपासून पॅकिंगच्या चार बायका आणि बाई पट्ट्या भरायला बसल्या. शुक्रवारी दुपारी तीन वाजता पाचशे आठ पट्ट्या झाल्या होत्या. पाचशे नवव्या साच्यात बाई स्वतःच्या हातानं टाइल्स बसवू लागल्या. बाकीच्या भोवती उभ्या राहिल्या. पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. बाईंनी ढिगाकडे हात नेला आणि हात पाटावर घासला गेला.

ढीग संपला होता. शेवटचा खाना रिकामा होता.

बायकांनी पाट उचलला, कापड झटकलं, पदर झटकले, एकीनं तर चप्पल काढून पाहिली. काही सापडलं नाही. हिशेब सोपा होता आणि तो बाईंना नको असताना आपोआप समोर आला, लॉट तीस हजार तीसचा होता. म्हणजे दोन्ही वेळा मोजताना त्या चुकल्या होत्या. चिठ्ठी बरोबर होती, पंधराची पट्टी बरोबर बसली असती. आणि गंमत अशी की बरणी अजूनही रिकामीच राहणार होती, कारण उरलं काहीच नव्हतं. नियमानं बाईंची चूक कुठेच चढणार नव्हती. एकट्या त्यांनाच ती माहीत असणार होती, आणि तेच त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. ज्या एका टाइलसाठी त्या आठवडाभर जगाशी भांडल्या ती मुळात नव्हतीच.

त्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि कोपरं टेकून त्यांनी कपाळाला हात लावला. सुपरवायझर त्याच वेळी आत आला. हातात निरोपाच्या भाषणाचा कागद होता. बायकांनी त्याला सगळं सांगितलं, एकोणसाठचा साचा दाखवला, रिकामा खाना दाखवला. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो नुसता खाली बघत राहिला.

बाईही खाली बघत होत्या, पण पेन्सिलीकडे. पेन्सिल त्यांच्या समोर आडवी पडली होती आणि घरंगळत नव्हती. त्यांनी कोपरानं टेबल दाबून पाहिलं. हललं नाही. दुसऱ्या कोपऱ्यावर दाबलं. एकतीस वर्षं डुगडुगणारं टेबल खडकासारखं उभं होतं. बाई उठल्या, गुडघे टेकून खाली वाकल्या आणि त्यांनी टेबलाचा आपल्या बाजूचा पाय उचलला.

पायाखाली एक वांगी टाइल होती.

“तुमची बरणी रिकामी राहावी म्हणून,” सुपरवायझर म्हणाला. मंगळवारी बाई घरी गेल्यावर त्यानं कापडाखालून एक काढली होती. फेकून द्यायला मन होईना, खिशात ठेवायला भीती वाटली, म्हणून जिथं कोणी बघणार नाही तिथं सरकवली.

बाई जमिनीवरूनच म्हणाल्या, “एकतीस वर्षं हे टेबल हलत होतं, तेव्हा कोणाला हे सुचलं नाही.”

टाइल त्यांनी पदरानं पुसली, उजेडाकडे धरून चारही कोपरे तपासले आणि नेऊन शेवटच्या खान्यात ठेवली. अंगठ्यानं दाबली. बसली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, भट्टीवाला दारात उभा होता तो डोळे पुसत म्हणाला की माल चांगला होता म्हणून बसली. तिकडे टेबल एका बाजूला कललं आणि पेन्सिल घरंगळत जाऊन दोऱ्याला लटकली.

निरोपाचं भाषण छोटंच झालं. आठवण म्हणून काय हवं असं बाईंना विचारलं. सगळ्यांना वाटलं, बरणी मागतील. बाईंनी बरणी त्याच्याच हातात दिली, वजनकाट्याला लागेल म्हणाल्या. त्यांना टेबल हवं होतं. तसंही ते भंगारातच जायचं होतं.

टेंपोतून टेबल आलं. भावानं आणि पुतण्यानं ते जिन्यानं वर आणलं आणि हे कशाला, असं दोघांनीही धापा टाकत विचारलं. जेवायच्या टेबलाच्या टोकाला बाईंनी ते जोडून लावलं. दोन बोटं खाली राहिलं. स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून त्या टेबलाशी बसल्या. आठ वाजले होते, बाकीचे आपापल्या खुर्चीवर येत होते.

“मला भूक लागलीय,” बाई म्हणाल्या.

भाऊ खुर्ची धरून तसाच उभा राहिला. त्याच्या डोक्यात कसलातरी हिशेब चालला होता आणि तो त्याला नऊ वर्षं उशिरा सुटत होता. वहिनींनी सगळ्यात आधी बाईंचं ताट वाढलं, वाफा येत असलेलं, आणि नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवलं. टेबल कललं, पाण्याचा पेला सरकला, तो वहिनींनी वरच्या वर पकडला.

“वन्सं, एवढी वर्षं टाइल्सच्या कारखान्यात काढलीत,” त्या म्हणाल्या, “पायाखाली घालायला एखादी उरलेली तरी आणायची होती.”

“एकही उरली नाही,” बाई म्हणाल्या.

मग टेबल डुगडुगत राहिलं आणि सातही जण जेवले.